कोल्हापूर ते नागपूर विमानाने: अंतर कसे मोजायचे, वेळ किती धरायचा

कोल्हापूर ते नागपूर विमानाने किती वेळ लागतो, असे इंटरनेटवर शोधले की बऱ्याच ठिकाणी ठरीव उत्तर मिळते: अंतर सुमारे ७०० किलोमीटर, वेळ ५० ते ५५ मिनिटे. यातला पहिला आकडा बरोबर आहे. दुसऱ्यावर विसंबून कोणी हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात अकरा वाजताची भेट ठरवली, तर पंचाईत होईल. सरळ अंतराला जेट विमानाच्या वेगाने भागले की ५०-५५ मिनिटे येतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे नाही, वर चढणे नाही, उतरताना घ्यावा लागणारा वळसा नाही आणि वाराही नाही.

दोन विमानतळांमधले अंतर बदलत नाही. वेळ मात्र विमानाच्या जातीवर, ऋतूवर आणि दोन्ही टोकांच्या विमानतळांवर ठरतो. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर जवळपास सगळी विमाने सारख्याच वेगाची असतात, त्यामुळे अंदाज फारसा चुकत नाही. कोल्हापूर, नाशिक, नांदेड, जळगाव, सिंधुदुर्ग, गोंदिया अशा ठिकाणी एके दिवशी पंखे फिरणारे एटीआर येते आणि पुढच्या वेळापत्रकात त्याच जागी जेट असते. म्हणून प्रादेशिक मार्गांचा हिशेब आपला आपण करता यायला हवा. तो अवघड नाही. शाळेतले गणित पुरते. इथे कोल्हापूर-नागपूर हे उदाहरण शेवटपर्यंत सोडवले आहे. आकडे बदलून हीच पद्धत कुठल्याही जोडीला लावता येईल.

आधी विमानतळ नेमका ठरवा

शहराचे नाव म्हणजे विमानतळ नव्हे. शिर्डीचा विमानतळ काकडीला आहे, नाशिकचा ओझरला, सिंधुदुर्गचा चिपीला. गोव्यात तर दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत आणि त्यांच्यात सरळ रेषेतच सुमारे ४० किलोमीटरचे अंतर आहे. पेडण्याला जाणाऱ्याने दाबोळीचे तिकीट काढले, तर विमानात वाचवलेला वेळ रस्त्यावर जातो. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाल्यापासून मुंबईच्या बाबतीतही हा प्रश्न उभा राहिला आहे.

त्यामुळे शोधताना शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी कोड वापरा. कोल्हापूरचा केएलएच, नागपूरचा एनएजी, नाशिकचा आयएसके, नांदेडचा एनडीसी, दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. शहरांच्या नावांवरून अंतर काढणारी संकेतस्थळे कधी कधी शहराच्या मध्यापासून मोजतात. ७०० किलोमीटरच्या प्रवासात त्याने फार बिघडत नाही, पण दीडशे-दोनशे किलोमीटरच्या मार्गावर फरक जाणवतो.

अंतर स्वतः काढा

सोपा मार्ग असा: संगणकावर गूगल मॅप्स उघडा, कोल्हापूर विमानतळाच्या, म्हणजे उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उजवे बटण दाबून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि नागपुरातल्या सोनेगावच्या धावपट्टीवर टिचकी मारा. सरळ रेषेतले अंतर लगेच दिसते.

मी मात्र प्रत्येकाला सुचवेन की एकदा तरी हे कागदावर करून पाहा. आठवी-नववीच्या मुलामुलींना शेजारी बसवून केले तर फारच छान, कारण भूगोलातले अक्षांश-रेखांश आणि गणितातला पायथागोरस इथे एकत्र कामाला येतात.

कोल्हापूर विमानतळ १६.६६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूर २१.०९ उत्तर आणि ७९.०५ पूर्व. अक्षांशांतला फरक ४.४३ अंश. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११.२ किलोमीटर असते, म्हणजे नागपूर कोल्हापूरच्या ४९३ किलोमीटर उत्तरेला आहे. रेखांशांतला फरक ४.७६ अंश. इथे एक काळजी घ्यायची. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे एकमेकींच्या जवळ येत जातात, त्यामुळे विषुववृत्तापासून दूर गेल्यावर एक अंश रेखांश १११ किलोमीटरपेक्षा कमी भरतो. किती कमी, ते दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कोसाइनवरून कळते. आपल्या जोडीचा सरासरी अक्षांश १८.९ अंशांच्या आसपास, त्याचा कोसाइन ०.९४६. म्हणून ४.७६ गुणिले १११.२ गुणिले ०.९४६, म्हणजे ५०१ किलोमीटर पूर्वेला.

आता काटकोन त्रिकोण तयार झाला. ४९३ चा वर्ग आणि ५०१ चा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ येते ७०३. पृथ्वीचा गोलाकार धरणाऱ्या अचूक सूत्राने ७०२ येते. हातच्या हिशेबात फरक पडला तो एका किलोमीटरचा. आपल्या अक्षांशांवर हजारेक किलोमीटरपर्यंत ही पद्धत खुशाल वापरा. कोल्हापूरहून लंडनचे अंतर मात्र अशा सपाट त्रिकोणाने काढू नका.

दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या, म्हणजे कोल्हापूरहून नागपूर जवळपास अचूक ईशान्येला आहे. ही दिशा लिहून ठेवा, वाऱ्याच्या हिशेबात ती लागणार आहे. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे आपले ७०२ किलोमीटर ३७९ सागरी मैल झाले. एखाद्या संकेतस्थळावर ३७९ आणि दुसऱ्यावर ४३६ मैल दिसले, तर गोंधळू नका. दुसरे साधे मैल आहेत.

याच पद्धतीने मुंबई-नागपूर काढा. सुमारे ६८३ किलोमीटर येतात. म्हणजे नागपूरला कोल्हापूर हे मुंबईपेक्षाही थोडे लांब आहे. राज्याचा नकाशा रोज पाहणाऱ्यांच्याही हे सहसा लक्षात येत नाही.

सरळ रेषा आणि खरी वाट

नकाशावर ही रेषा ओढली तर ती सांगलीजवळून निघते, पंढरपूर-मोहोळच्या मधून जाते, साधारण निम्म्यावर परळी वैजनाथच्या जवळ येते आणि पुढे दिग्रस, यवतमाळ, वर्धा यांच्या बाजूने नागपूरला पोहोचते. स्वच्छ हवेत खिडकीची जागा मिळाली तर कृष्णेचे खोरे, भीमा, गोदावरी आणि मग पैनगंगा-वर्धेचा मुलूख एका तासात पायाखालून जातो. रस्त्याने हाच प्रवास ८०० किलोमीटरच्या पुढे जातो. महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला असा मोठा वळसा घेत असल्याने तिला नागपूर गाठायला चोवीस तासांहून जास्त लागतात.

विमानही अगदी या रेषेवरून जाते असे नाही. हवेतही आखलेल्या वाटा आणि ठरवलेले बिंदू असतात. लष्करी वापराची काही क्षेत्रे टाळावी लागतात आणि धावपट्टीच्या दिशेला येण्यासाठी वळावे लागते. कोल्हापूरची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, नागपूरची वायव्य-आग्नेय. ईशान्येकडे निघालेल्या विमानाला दोन्हीकडे वळणे आलेच. छोट्या मार्गांवर सरळ अंतरात तीन ते सात टक्के भर घालावी, असा माझा ठोकताळा आहे. आपण ७०२ चे ७३० किलोमीटर धरू.

नागपूरविषयी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमाने रात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई, आणि ती पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. वरच्या पद्धतीने या चार शहरांची नागपूरपासूनची अंतरे काढून पाहा: मुंबई ६८३, दिल्ली ८५५, चेन्नई ९०८, कोलकाता ९८५ किलोमीटरच्या आसपास. चौघांनाही एका रात्रीत येऊन परत जाता येईल असे ठिकाण निवडताना नागपूरच का निवडले, ते या चार आकड्यांतच आहे.

विमान कोणते आहे, ते पाहा

सगळ्या हिशेबात सर्वांत मोठा फरक इथे पडतो. तिकीट काढताना उड्डाणाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. तो वाचायचा.

एटीआर ७२ हे सत्तर ते अठ्ठ्याहत्तर आसनांचे, दोन पंख्यांचे विमान. सपाट उड्डाणात त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो आणि ते २५ हजार फुटांच्या वर जात नाही. इंधन कमी खाते, आखूड धावपट्टीवर उतरते. प्रादेशिक सेवेचा खरा भार यानेच पेलला आहे. एम्ब्रेअर १७५ हे ७६ ते ८८ आसनांचे छोटे जेट, वेग ताशी ८०० किलोमीटरच्या घरात. एअरबस ३२० त्याहून किंचित वेगवान, पण त्याला धावपट्टीही तेवढी लांब लागते. नऊ आसनांचे सेस्ना कॅरॅव्हॅन असेल तर ताशी ३०० ते ३४० किलोमीटर धरा.

आता ७३० किलोमीटर सोडवू. जेटसाठी ७३० भागिले ८००, म्हणजे ५५ मिनिटे. पण विमान उडाल्या क्षणापासून पूर्ण वेगात नसते. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शेवटी धावपट्टीसमोर येण्यासाठी थोडे फिरावे लागते. त्यासाठी १२ मिनिटे वाढवा. जमिनीवर दोन्हीकडे मिळून १२-१३ मिनिटे. बेरीज साधारण १ तास २० मिनिटे.

एटीआरसाठी सरासरी ताशी ४९० धरू. ७३० भागिले ४९०, म्हणजे ८९ मिनिटे. ते खालून उडत असल्याने चढण्या-उतरण्यात कमी वेळ जातो, म्हणून ८ मिनिटे, जमिनीवरची १२. बेरीज १ तास ५० मिनिटांच्या आसपास.

एकाच मार्गावर अर्ध्या तासाचा फरक पडला. दोनशे-तीनशे किलोमीटरवर हा फरक बराच आटतो, कारण तिथे जेटला वर जाऊन स्थिर होईपर्यंत उतरायची वेळ येते. कोल्हापूर-मुंबई हे सरळ ३०९ किलोमीटरचे अंतर आहे. तिथे जेटने फार वेळ वाचतो असे समजून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. मुंबईच्या आकाशात रांग लागली तर दोन्ही विमाने सारखीच थांबतात.

वारा

हिवाळ्यात भारतावर वरच्या थरांतून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. ते उत्तर भारतावर सर्वांत प्रबळ असतात, पण मध्य महाराष्ट्रावरही त्यांचा प्रभाव राहतो. कोल्हापूरहून नागपूरला जाताना आपण ईशान्येकडे जातो, म्हणजे पश्चिमेचा वारा पाठीमागून तिरका लागतो. ४५ अंशांच्या तिरपेपणामुळे वाऱ्याचा सुमारे ७० टक्के भाग उपयोगी पडतो.

जेटच्या उंचीवर ताशी १०० किलोमीटरचा पश्चिम वारा आहे असे धरा. जाताना वेग ८०० अधिक ७०, म्हणजे ८७०, आणि वेळ ५० मिनिटे. येताना ८०० वजा ७०, म्हणजे ७३०, आणि वेळ ६० मिनिटे. एकाच विमानाचा जाण्यायेण्यात दहा मिनिटांचा फरक. चढणे-उतरणे या उंचीखाली होत असल्याने प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो.

एटीआर खालून जाते, तिथे वारा मंद असतो. तो ताशी ४० धरला तर उपयोगी भाग २८. जाताना ८५ मिनिटे, येताना ९५. वारा निम्म्याहून कमी, तरी फरक दहा मिनिटांचाच! विमान हळू असल्याने ते वाऱ्यात जास्त वेळ राहते. म्हणून वेळापत्रकात परतीचा वेळ जास्त दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

पावसाळ्यात चित्र पालटते. वरच्या थरांत पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहू लागतात आणि हिवाळ्यातला जाण्याचा फायदा नाहीसा होतो. पण पावसाळ्यात मिनिटांपेक्षा ढगांचीच काळजी जास्त करावी. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली उतरले की विमान घिरट्या घालते किंवा दुसरीकडे वळवले जाते. बेळगाव तिथून जवळ आहे. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुके त्रास देते. शिवाय नागपूरचा मे महिना: ४५ अंश तापमानात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथेही उन्हाळी दुपार जड जाते. धावपट्टी आखूड असेल तर अशा दिवशी वजन कमी करावे लागते आणि काही आसने रिकामी ठेवावी लागतात. उन्हाळ्यात पर्याय असेल तर सकाळचे विमान घ्या.

तिकिटावरची वेळ वाचताना

तिकिटावर छापलेला निघण्याचा क्षण म्हणजे विमान जागेवरून हलण्याचा, आणि पोहोचण्याचा क्षण म्हणजे दुसऱ्या टोकाला जागेवर येऊन थांबण्याचा. या दोहोंमधल्या अवधीला ब्लॉक टाइम म्हणतात. आपण वर काढलेले १ तास २० मिनिटे हा ब्लॉक टाइमच आहे. कंपन्या त्यात उशिराची थोडी भर आधीच घालून ठेवतात. तिकिटावर १ तास ३० मिनिटे दिसले आणि विमान दहा मिनिटे आधी पोहोचले, तर ते या राखीव वेळामुळे.

आता हिशेब ताडून पाहा. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळांवर उड्डाणाचा क्रमांक टाकला की गेल्या काही दिवसांतल्या प्रत्यक्ष वेळा दिसतात: किती वाजता उडाले, किती वाजता टेकले. चार-सहा दिवसांच्या नोंदी पाहिल्या की सवयीचा उशीर कळतो. उशीर कुठून येतो तेही पाहा. प्रादेशिक मार्गांवर एकच विमान दिवसभर चार-पाच टप्पे करते. सकाळी पहिल्या टप्प्यावर वीस मिनिटे गेली की ती संध्याकाळपर्यंत वाढत जातात. महत्त्वाचे काम असेल तर त्या विमानाचा दिवसातला जितका पहिला टप्पा मिळेल तितका घ्यावा.

नागपूरहून शारजा किंवा दोह्यासारख्या ठिकाणी जाणार असाल, तर तिकिटावरच्या वेळा त्या त्या देशातल्या असतात. संयुक्त अरब अमिराती आपल्या दीड तास मागे आहे. ते लक्षात न घेता वजाबाकी केली तर प्रवास भलताच लहान वाटेल.

थेट विमान नसेल तेव्हा

प्रादेशिक मार्ग आठवड्यातले काहीच दिवस चालतात आणि उन्हाळी-हिवाळी वेळापत्रकांबरोबर बदलतात. तुमच्या दिवशी थेट विमान नसेल तर ७०२ हा आकडा बाजूला ठेवा. मुंबईमार्गे ३०९ अधिक ६८३, म्हणजे ९९२ किलोमीटर. हैदराबादमार्गे ४४५ अधिक ४३३, म्हणजे ८७८. नकाशावर हैदराबाद जवळचे आहे, पण इथे किलोमीटरपेक्षा मधला थांबा जास्त वेळ खातो. मुंबईत दीड तासाचा थांबा आणि हैदराबादेत चार तासांचा असेल तर मुंबईच बरी. फक्त दोन्ही विमाने एकाच टर्मिनलवरून आहेत ना, आणि आता एकाच विमानतळावरून आहेत ना, हे तपासा.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटे काढून पाचशे रुपये वाचतात, पण पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी राहत नाही. अशी तिकिटे घ्यावीच लागली तर मध्ये किमान साडेतीन-चार तास ठेवा.

घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत

कोल्हापूर शहरातून उजळाईवाडीला अर्धा तास, सांगली-मिरजेकडून तासभर ते सव्वा तास. उड्डाणाआधी दीड तास पोहोचा. सामान देण्याची खिडकी साधारण ६० ते ४५ मिनिटे आधी बंद होते. जेटचे १ तास २० मिनिटे, सामान घेऊन बाहेर पडायला २५ मिनिटे, सोनेगावहून शहरात ३५ मिनिटे. कोल्हापूर शहरातून निघणाऱ्याचे एकूण चार तास वीस मिनिटे झाले. अर्ध्या तासाची सवड ठेवून पाच तास धरा. अधिवेशन चालू असेल तर सीताबर्डी-सिव्हिल लाइन्स भागात मोर्च्यांमुळे वाहतूक वळवलेली असते, तेव्हा आणखी अर्धा तास. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीला जाणाऱ्यांनीही हीच जादा वेळ ठेवावी आणि तिकीट बरेच आधी काढावे.

रस्त्याने चौदा-पंधरा तास लागतात, त्यापुढे पाच तास केव्हाही चांगले. तीनशे किलोमीटरच्या मार्गावर मात्र हाच हिशेब करून पाहा. विमानाचा एक तास घर ते घर चार तासांचा होतो आणि चांगल्या महामार्गावरची गाडी त्याच्या बरीच जवळ येते.

ब्लॉक टाइमवर तुमचे हक्कही ठरतात

उड्डाणाच्या कालावधीला सरकारी नियमांतही महत्त्व आहे. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात देशांतर्गत भाड्यांवर मर्यादा होत्या, त्यांचे सात गट उड्डाणाच्या मिनिटांवरूनच पाडले होते: ४० मिनिटांपेक्षा कमी, ४० ते ६०, ६० ते ९० आणि असे पुढे. त्या मर्यादा आता नाहीत, पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे भरपाईचे नियम ब्लॉक टाइमवर चालतात. विमान रद्द झाले, ते वेळेत कळवले नाही आणि कारण हवामानासारखे कंपनीच्या ताब्याबाहेरचे नसेल, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये भरपाई ठरलेली आहे. एकेरी मूळ भाडे आणि इंधन शुल्क यांची बेरीज याहून कमी असेल तर ती कमी रक्कम मिळते. कोल्हापूर-नागपूर जेटने असो वा एटीआरने, मधल्या गटात येते. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर होणार असेल तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांना खाणेपिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. काउंटरवर ते शांतपणे मागा, आणि उशिराचा किंवा रद्द झाल्याचा संदेश फोनमधून पुसू नका. पुढे तक्रार करायची झाली तर त्यावरची वेळ हाच तुमचा पुरावा असतो.